ढिगाऱ्यावरची हिरवळ आणि वस्तीतला बिबट्या

काही वर्षांपूर्वी पहाटे शौचाला वस्तीमागे गेलेल्या एका माणसाला आमच्या रुग्णालयात आणले होते. मानेवर आणि खांद्यावर बिबट्याच्या दातांच्या खोल जखमा होत्या. नातेवाइकांनी त्यात हळद भरून वर घट्ट कापड बांधले होते. सुदैवाने तो वाचला. ‘‘जंगलात कशाला गेला होतास?’’ असे विचारल्यावर म्हणाला, ‘‘जंगल कुठलं साहेब, खाणीचा ढिगारा आहे तो.’’

त्याचे म्हणणे खरे होते. चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या भागात उघड्या कोळसा खाणी आहेत आणि उत्तरेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड काढून बाजूला टाकतात. त्याचे टेकड्यांएवढे ढीग होतात. पुढे त्यांवर वेडी बाभूळ आणि घाणेरी माजते. दाट काटेरी सावली, खड्ड्यांत साचलेले पाणी, रानडुकरे आणि शेजारच्या वस्तीतली कुत्री व डुकरे. वाघ-बिबट्याला आणखी काय हवे? फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच आठवड्यात इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा, तर दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला.

अशा घटनेनंतर ‘पिंजरा लावा, वाघ हलवा’ अशी मागणी होते. एखादा प्राणी खरोखरच माणसांवर हल्ले करत असेल, तर ते करावेच लागते. पण झुडूप तसेच राहिले, तर रिकाम्या जागी दुसरा येतो. ताप उतरवला आणि जंतू तसाच ठेवला, असा हा प्रकार आहे.

इलाज जमिनीत आहे. खाण सुरू करताना वरचा सुपीक थर वेगळा काढून ठेवायचा असतो. त्यात बिया असतात, सूक्ष्म जीव असतात. वर्षानुवर्षे पडून राहिला तर तो निर्जीव होतो, म्हणून उतार तयार होताच तो पसरला पाहिजे. त्यावर आधी गवत, मग बांबू, पळस, शिवण, करंज, मोह अशी इथली झाडे लावावीत. जंगलाकडच्या बाजूला वन्यजीवांसाठी सलग अधिवास आणि पाणी असावे. वस्तीकडच्या पट्ट्यात मात्र दाट झुडूप नको. तिथे उघडी जमीन, दिवे, उचललेला कचरा आणि वापरता येतील अशी शौचालये हवीत. सगळे झुडूप एका दिवसात यंत्राने सपाट करणेही धोक्याचे, कारण बिथरलेला प्राणी घरांकडेच पळू शकतो. वनविभागाला सोबत घेऊन वस्तीकडून जंगलाकडे, टप्प्याटप्प्याने सफाई करावी.

यासाठी पैसा नाही, असे म्हणता येत नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक आहे. शिवाय हे काम खाण संपल्यावर नव्हे, खाण चालू असतानाच करत जायचे असते. मात्र किती झाडे लावली यावर हिशेब थांबतो. ढिगारा हिरवा दिसला की काम झाले असे धरले जाते. कोणत्या झाडांनी हिरवा झाला आणि वस्तीपासून किती अंतरावर, हे कोणी विचारत नाही. खाण, वीज केंद्र, वनविभाग आणि महापालिका-ग्रामपंचायत यांच्या हद्दी जिथे मिळतात, तिथली जमीन कोणाचीच नसते. बिबट्या नेमका तिथेच राहतो.

तोपर्यंत एवढे लक्षात ठेवा. वन्यप्राणी चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. फार रक्त वाहत असेल, तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तडक रुग्णालय गाठा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. रेबीजची लस आणि जखमेतले इम्युनोग्लोब्युलिन, धनुर्वाताचे इंजेक्शन व प्रतिजैविके ही सगळीच लागतात.

जखमा आम्ही शिवू. पण मेलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाईचा अर्ज कसा करायचा हे सांगण्यापलीकडे रुग्णालयाच्या हाती काही नसते. म्हणून वस्तीमागचा ढिगारा कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा आराखडा कुठे आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा.