हौसेला मोल नसतं, पण गिअरबॉक्सला असतं!

कॅम्पस इंटरव्ह्यू संपले की आमच्या हॉस्टेलवर दर वर्षी एक विषय हमखास निघतो. ऑफर लेटर हातात पडलेलं असतं, पगार अजून पडलेला नसतो आणि गाडी मात्र ठरलेली असते! यंदा आमच्या विंगमधल्या एकाने सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घ्यायचं मनावर घेतलंय. थोडे पैसे वडिलांचे, बाकी कर्ज. आता पोलोला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर मेसमध्ये दोन तट आहेत. पण पोर्श घ्यायची ऐपत येईपर्यंत केस पांढरे होतील. तोवर आपल्या पोरांची स्पोर्ट्स कार हीच.

मित्रांनो, माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी वेगवान गाडी घेणं हा मूर्खपणा नाही. पण ती घ्यायची की नाही, हे गाडीच्या किमतीवर ठरवू नका. त्या गाडीचं सगळ्यात मोठं बिल किती येऊ शकतं आणि ते आलं तर आपण उभे राहू की आडवे होऊ, यावर ठरवा.

आधी गाडीच्या बाजूने बोलतो. नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढली की तिची किंमत उतरायला लागते. पहिल्या काही वर्षांतला हा मोठा फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो. म्हणजे तेवढ्याच पैशात नवी साधी गाडी घ्यायची की जुनी पण दमदार गाडी, हा प्रश्न रास्त आहे. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी. ज्याने ती चालवली, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मी पाहिलंय. 'हौसेला मोल नाही' असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे चिखलीत एक लाडका युक्तिवाद ऐकायला मिळतो: "अरे, गाडी चाकणची! मोशी सोडली, इंद्रायणी ओलांडली की कंपनी. स्पेअरला काय तोटा?" ऐकायला झकास, पण यात दोन गोष्टींचा घोळ आहे. एक म्हणजे कारखाना हे स्पेअर पार्टचं दुकान नव्हे. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि चाकणला आता व्हर्टस, टायगुन अशा गाड्या बनतात. दुसरं म्हणजे गाडी चाकणला जुळली, तरी हा गिअरबॉक्स परदेशातून यायचा. गाडीचा पत्ता मराठी, पण बिल युरोपातलं!

हा गिअरबॉक्स म्हणजे डीक्यू-२००. मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेल, इतरांसाठी सांगतो. यात दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर आणि दुसऱ्याकडे २, ४, ६ व रिव्हर्स. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार असतो, म्हणून गिअर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. पण हे क्लच कोरडे आहेत, त्यांना थंड करायला तेल नाही. आता ही गाडी संध्याकाळी शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकात उभी करा. ब्रेक अर्धा सोडून गाडी वीतभर पुढे, पुन्हा ब्रेक. दर वेळी क्लच थोडा घसरतो, तापतो, झिजतो. हायवेवर आयुष्यभर टिकणारा क्लच आपल्या नाशिक रोडवर म्हातारा होतो.

क्लचचा वरचा भाऊ म्हणजे मेकॅट्रॉनिक. पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कंप्युटर एकाच डब्यात. २०१३ मध्येच फोक्सवॅगनला डीएसजीमधल्या दोषामुळे चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल ऑइल भरायची मोहीम निघाली, कारण उष्ण-दमट हवेत त्या तेलामुळे इलेक्ट्रिकल बिघाड होऊ शकत होता. उष्ण आणि दमट म्हणजे आपलंच वर्णन की! म्हणून जुनी जीटी बघताना पहिला प्रश्न कलरचा नको. गिअरबॉक्सचं काय काय काम झालंय, त्याचा कागद मागा. अख्खा मेकॅट्रॉनिक बदलायचा म्हटलं तर बिल लाखाच्या पुढे जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

"मग भंगारातला टाकू" असं कोणी म्हणेल. एक तर ज्या कुदळवाडीच्या भरवशावर आमचे सीनिअर बोलायचे, तिथली हजारो शेड आणि गोदामं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. आणि जुना मेकॅट्रॉनिक कुठून मिळाला तरी नुसते बोल्ट आवळून भागत नाही. स्कॅनर लावून त्याला गाडीच्या कंप्युटरशी जुळवावं लागतं.

"इन्शुरन्स आहे ना?" हा पुढचा गैरसमज. साधा मोटार विमा अपघाताचे पैसे देतो. आपोआप झालेला मेकॅनिकल बिघाड त्यात बसत नाही. गिअरबॉक्स रविवारी सकाळी रुसला, तर ते दुःख आणि ते बिल, दोन्ही तुमचं. भरीला पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१३ ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. तिचे रबरी पाइप, सील आणि पंप यांच्यावर लक्ष ठेवावं लागणार. शिवाय ती २०२८ मध्ये १५ वर्षांची होईल. म्हणजे पुन्हा आरटीओ, फिटनेस आणि पर्यावरण कर.

तुलनेसाठी आपल्याच जिल्ह्यातली दुसरी गाडी घेऊ. अबार्थ पुंटो, रांजणगावची, २०१५ ची. १.४ लिटर टर्बो, १४५ बीएचपी, गिअरबॉक्स साधा मॅन्युअल. क्लच गेला तर पोटात गोळा येणार नाही. इंजिन लिनिआ टी-जेटच्याच घराण्यातलं. पण २०२० च्या बीएस-६ आधीच फियाटने भारतातल्या गाड्या बंद केल्या. म्हणजे धोका इथेही आहे, फक्त त्याची जात वेगळी. पोलोत एक पार्ट महाग, पण कंपनी जागेवर आणि डीक्यू-२०० आजही व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाला लागतो, त्यामुळे तो ओळखणारे हात आहेत. अबार्थमध्ये दुरुस्ती सोपी, पण हेडलाइट फुटला तर आधी शोधाशोध. एकीकडे पैशाचा धोका, दुसरीकडे वाट बघण्याचा. आपल्याला कोणता झेपतो, ते ज्याचं त्याने ओळखावं.

आमच्या विंगमधल्या मित्राचं म्हणणं असं, की सगळ्याच गाड्यांचे गिअरबॉक्स बिघडत नाहीत. बरोबर आहे. बऱ्याच जीटी मजेत पळतायत. पण प्रोबॅबिलिटीच्या तासाला आपण शिकलो ते अर्धंच इथे वापरून चालत नाही. शक्यता कमी असली, तरी फटका बसल्यावर कर्जाचा हप्ता थांबणार असेल आणि वडिलांना पुन्हा फोन करावा लागणार असेल, तर तो जुगार आहे. तेच बिल एखाद्या दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आलं, तर तो चार शिव्या घालेल आणि भरेल. गाडी तीच, धोकाही तोच, पण निर्णय वेगळा.

म्हणून माझे तीन प्रश्न. गाडी घेतल्यानंतरही एका गिअरबॉक्सचे पैसे बँकेत वेगळे उरतात का? गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडली तर कंपनीच्या बसने कामावर जाता येतं का? आणि हा गिअरबॉक्स आधी उघडलेला मेकॅनिक तुमच्या ओळखीत आहे का? तिन्हीला 'हो' असेल तर खुशाल घ्या, आणि आम्हाला लोणावळ्याला न्या. एकाला जरी 'नाही' असेल तर दोन वर्षं थांबा. जुन्या गाड्या पळून जात नाहीत, उलट स्वस्त होतात.

आणि बघायला जाल तेव्हा सकाळी जा, गाडी थंड असताना. स्कॅनरवाला सोबत न्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ट्रॅफिकमधून सावकाश चालवा, धक्का बसतो का बघा. विकणारा म्हणाला, "तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवलीय," तर त्याच्याकडे चहा घ्या, गाडी घेऊ नका!