वितरणात गळणारी भाषा

संगणकाची आज्ञावली तयार झाली की तिच्या फायलींचा संच बांधून तो वापरणाऱ्यांकडे धाडला जातो. या संचात काय घालावे आणि काय गाळावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. वस्तुतः भारतीय भाषांच्या दृष्टीने तो निर्णायक आहे.

ग्नू प्रकल्पाने १९९५ मध्ये प्रसृत केलेली गेटटेक्स्ट ही अनुवादाची व्यवस्था आज असंख्य मुक्त आज्ञावलींत रूढ आहे. तीत अनुवादकाची वाक्ये ‘पीओ’ फायलीत असतात. ही फाइल माणसासाठी. यंत्र वाचते ती तिच्यापासून सिद्ध केलेली ‘एमओ’ फाइल. ती केव्हाही पुन्हा तयार करता येते, म्हणून मूळ संहितेच्या संग्रहात ती न ठेवण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. परंतु जे संग्रहात नको ते वितरणातही नको, असे मानणे ही चूक होय. पायथॉनमधील सेटअपटूल्स हे प्रचलित साधन सामान्यतः आज्ञावलीच्या फायली तेवढ्या आपोआप गोळा करते. अनुवादाच्या फायलींचा निर्देश स्वतंत्रपणे करावा लागतो. तो राहिला की मराठीही मागे राहते.

दुर्दैव असे की या चुकीचा बोभाटा होत नाही. अनुवाद सापडला नाही तर गेटटेक्स्ट निमूटपणे मूळ वाक्य, म्हणजे बहुधा इंग्रजी, दाखवते. आज्ञावली बंद पडत नाही. कर्त्याच्या यंत्रावर एमओ फाइल अगोदरच असल्याने त्याला मराठी दिसतच असते. वापरणारा मात्र मराठी अनुवाद झालेलाच नसेल असे समजून गप्प बसतो आणि अनुवादकाचे श्रम वाया जातात.

सर्व भाषा घातल्यास संच फुगतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच उबुंटूसारख्या वितरणांत भाषांचे संच निराळे ठेवलेले आढळतात. तथापि निराळे ठेवणे आणि विसरणे यांत मोठे अंतर आहे. निराळी ठेवलेली भाषा मागितल्यावर मिळते; विसरलेली मागण्याची सोयच उरत नाही.

आमच्या मते समाविष्ट करावयाच्या फायलींची यादी स्पष्ट लिहावी, एमओ फायली संच बांधतानाच सिद्ध कराव्यात आणि तो संच कोऱ्या यंत्रावर उतरवून मराठीतून चालवून पाहावा. या शेवटच्या कामात अनुवादकांनीही भाग घ्यावा. पीओ फाइल सुपूर्द केली म्हणजे अनुवाद पूर्ण झाला असे नव्हे. तो वाचकाच्या पडद्यावर उमटला म्हणजे पूर्ण झाला.