परवाना माफ, अँटेना नाही : सिटिझन बँड रेडिओची भारतीय गोष्ट

१/
भारतात २००५ पासून एक रेडिओपट्टा सामान्य नागरिकाला परवान्याशिवाय बोलण्यासाठी खुला आहे. त्याचे नावच ‘सिटिझन बँड’, म्हणजे नागरिकांचा पट्टा. तरीही अकलूज परिसरात एखाद्या ट्रॅक्टरवर, मालमोटारीवर किंवा दिंडीच्या वाहनावर असा संच बसवलेला मला आजवर दिसलेला नाही. असे का झाले, याचे उत्तर यंत्रापेक्षा कायद्याच्या इतिहासात अधिक सापडते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
माझे मत आरंभीच नोंदवतो. आपल्या राज्यसंस्थेने कित्येक दशके नागरिकाला रेडिओ ऐकू दिला, बोलू मात्र दिले नाही. २००५ च्या नियमाने ही प्रथा मोडली खरी. पण त्यातील दोन शब्दांच्या अटीने ती सवलत वाहनापुरती निष्फळ ठरवली. ती अट काढली पाहिजे.

३/
प्रथम वस्तू समजून घेऊ. सिटिझन बँड म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा लघुलहरींचा पट्टा. बोलण्याचा आणि ऐकण्याचा संच एकच. मधे टॉवर नाही, कंपनी नाही, सिमकार्ड नाही, बिल नाही. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचात पोहोचते. एकाच चॅनलवर असलेले सर्वजण एकमेकांचे ऐकतात. खासगी असे त्यात काही नसते.

४/
हा पट्टा रुजला तो अमेरिकेत. १९५८ मध्ये तेथील नियामकाने २७ मेगाहर्ट्झवर २३ चॅनल नागरिकांना दिले. १९७३ च्या तेलसंकटात डिझेलटंचाई आली, वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर उतरली, आणि पंप कोठे उघडा आहे, पुढे रस्ता कसा आहे, हे ट्रकचालक एकमेकांना याच संचावरून सांगू लागले. १ जानेवारी १९७७ पासून चॅनल ४० झाले. १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली. ब्रिटनने २ नोव्हेंबर १९८१ रोजी हा पट्टा कायदेशीर केला.

५/
भारताची वाट वेगळी होती. १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्रणा हा सरकारचा एकाधिकार ठरला आणि पुढे बिनतारी संदेशवहनही त्याच छत्राखाली आले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा आणि त्यातून केंद्र चालावे, अशी योजना होती. पुष्कळांनी परवाना न घेताच ऐकणे पसंत केले. १९३० मध्ये कंपनी बुडाली.

६/
या चोरट्या श्रवणाला आवर घालण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. जुना कायदा यंत्रणा उभारण्यावर आणि चालवण्यावर बोट ठेवत असे. नव्याने ‘जवळ बाळगणे’ हाच गुन्हा केला. म्हणजे संच घरात बंद पडून असला, तरी परवाना नसल्यास मालक दोषी. ‘आधी बंदी, मग सवलत’ ही आपल्या रेडिओ कायद्याची घडण येथे पक्की झाली.

७/
१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवाने सरकारने थांबवले आणि त्यांचे प्रक्षेपकही ताब्यात मागितले. त्या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९४२ पाहावा. २७ ऑगस्टला मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. प्रक्षेपक एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत तो चालवला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

८/
दुसरे उदाहरण आपल्या सीमेवरचे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवामुक्तीसाठी एक गुप्त केंद्र बोलू लागले. आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून, मालमोटारीत ठेवलेल्या यंत्रावरून, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते डिसेंबर १९६१ पर्यंत चालवले. पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांतून ते बोले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

९/
या दोन्ही केंद्रांचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. पण ज्या परवानापद्धतीला वळसा घालून हे करावे लागले, ती स्वतंत्र भारताने जवळपास तशीच ठेवली. साध्या रेडिओसाठीही पोस्टात जाऊन दरवर्षी शुल्क भरावे लागे; ही पद्धत १९८५ मध्ये पूर्णपणे संपली. बोलण्याची यंत्रे पोलीस, सैन्य, रेल्वे यांच्याकडे. ‘वायरलेस’ हा शब्द आपल्या गावांत आजही पोलिसांच्या जीपशीच जोडलेला आहे, तो उगाच नव्हे.

१०/
नागरिकासाठी एक दार उघडे होते : हौशी रेडिओ, म्हणजे हॅम. परीक्षा द्या, परवाना घ्या, मग बोला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दूरध्वनी तुटले, तेव्हा याच हौशी चालकांनी तेथे जाऊन निरोप पोहोचवले. मात्र परीक्षा देणारे थोडे, आणि हॅम परवान्यावर व्यवसायाचे बोलणे चालत नाही. उसाची खेप कोठे अडली, एवढे विचारण्यासाठी तो मार्ग नव्हे.

११/
२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचे मोबाइल ऐन वेळी मुके झाले. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २००५ मध्ये, केंद्र सरकारने सिटिझन बँडसाठी परवानामाफीचे नियम काढले. या दोहोंत कार्यकारणभाव आहे असा माझा दावा नाही. काळ मात्र लक्षात राहावा असा आहे.

१२/
नियम असा : २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, प्रत्यक्ष प्रक्षेपित शक्ती कमाल ५ वॅट, इतरांना अडथळा करायचा नाही, इतरांचा अडथळा झाल्यास तक्रार नाही. आणि शेवटी ती अट : अँटेना ‘अंगचीच’, म्हणजे संचातच बसवलेली हवी. अमेरिकेतील साध्या संचाला मर्यादा ४ वॅटची आहे. आकड्यात आपण उदार दिसतो. अट वाचली की ते औदार्य संपते.

१३/
हे समजण्यासाठी वाहनावर असा संच कसा बसवतात, ते पाहू. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिच्यासाठी किमान पाव लहरीची, म्हणजे पावणेतीन मीटरची काठी लागते. व्यवहारात तळाशी तारेचे वेटोळे देऊन ती मीटर-दीड मीटरवर आणतात. ही काठी टपाच्या मध्यावर उभी करतात, कारण खालचा लोखंडी पत्राच अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणून काम करतो. फायबरच्या टपावर तीच काठी निकामी ठरते.

१४/
संचाला वीज थेट बॅटरीवरून द्यावी, धन तारेत बॅटरीजवळच फ्यूज घालावा. काडी-दिव्याच्या जोडणीतून वीज घेतली तर इंजिनाची घरघर आवाजात मिसळते. अँटेनाची केबल ५० ओहमची हवी. ती दारात चिरडू नये. मग एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावे : पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते, ते तो सांगतो. आकडा १.५ च्या आत असल्यास उत्तम, २ पर्यंत चालेल, ३ च्या वर गेल्यास बोलू नये, संच जळू शकतो. काठीची लांबी थोडी थोडी बदलून तो खाली आणायचा.

१५/
एक बारकावा. बाहेरून येणारे संच ४० चॅनलचे असतात, पण आपला पट्टा २७ व्या चॅनलपाशी संपतो. २८ ते ४० हे चॅनल भारतात या सवलतीबाहेर आहेत. म्हणून मोजणीही १ आणि २७ या दोन टोकांवर करणे योग्य. अमेरिकेत आणीबाणीसाठी राखलेला ९ आणि ट्रकचालकांचा १९, हे दोन्ही आपल्या मर्यादेत बसतात.

१६/
वापर सोपा आहे. ‘स्क्वेल्च’ची कळ खरखर थांबेल इतकीच फिरवावी, अधिक फिरवल्यास लांबचा क्षीण आवाजही दबतो. आधी ऐकावे, चॅनल मोकळा आहे का पाहावे. माइकची कळ दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे, आणि कळ सोडल्याशिवाय उत्तर येत नाही हे विसरू नये. सपाट मुलखात वाहनावरील नीट बसवलेला संच पाच-दहा किलोमीटर सहज गाठतो.

१७/
आता अट पुन्हा वाचा. टपावरची काठी ‘अंगची’ नाही. म्हणजे वर सांगितलेली जोडणी परवानामाफीत बसत नाही. जे बसते, तो आखूड अँटेनाचा हातातला संच. तो लोखंडी केबिनच्या आत धरला की लहर बाहेर पडण्यापूर्वीच दुबळी होते. नियमाने बोलण्याची परवानगी दिली आणि आवाज काढण्याचे साधन काढून घेतले.

१८/
या अटीने अकलूजचे काय अडते? गळिताच्या हंगामात तोडलेला ऊस लवकर गव्हाणीत पडला नाही, तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. तोडणी शिवारात, ट्रॅक्टर रस्त्यावर, रांग काट्यावर. मुकादम, स्लिपबॉय, शेतकी खाते आणि चालक यांना दिवसभर एकच गोष्ट हवी असते : कोण कोठे आहे. आज ती फोनवर एकेकाला विचारली जाते. एका चॅनलवर ती सर्वांना एकदम कळेल.

१९/
आषाढीला तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. ज्ञानोबांची नातेपुते, माळशिरस, वेळापूरमार्गे जाते. एकाच तालुक्यातून लाखो माणसे चालतात आणि गर्दीत फोन लागत नाही, हा अनुभव प्रत्येक वारकऱ्याला आहे. दिंडीचे पाण्याचे टँकर, स्वयंपाकाचा ट्रक आणि पुढे गेलेली माणसे यांची चुकामूक नित्याची. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत भीमा आणि नीरा दोन्ही फुगल्या, तेव्हा प्रश्न चुकामुकीच्या पुढचा होता. टॉवरची वीज गेली की फोनचे खेळणे होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचा संच चालूच राहतो.

२०/
आक्षेप ठाऊक आहेत. पहिला सुरक्षेचा : वाळूचोर याचाच वापर करतील. वाळूचोरांकडे आज मोबाइल आहेत, आणि ते बोलणे ऐकण्यासाठी पोलिसांना रीतसर आदेश लागतो. उघड्या चॅनलवरचे बोलणे तहसीलदारही दहा-पाच हजारांच्या संचावर ऐकू शकेल. गुपित राखायचे असेल, तर याहून वाईट साधन नाही.

२१/
दुसरा आक्षेप अडथळ्याचा, आणि तो अधिक गंभीर. अमेरिकेत बेकायदा शक्तिवर्धक लावून पुष्कळांनी हा पट्टा नासवला. पण मर्यादा ‘प्रक्षेपित’ शक्तीवर आहे, म्हणजे अँटेनाचा परिणाम त्या ५ वॅटच्या हिशेबात आधीच धरला जातो. मग अँटेना आत की बाहेर, याने काय बिघडते? उंचीने पल्ला वाढतो हे खरे. त्यासाठी इमारतींवरील अँटेनाला बंदी ठेवा. ट्रॅक्टरच्या टपाला नको.

२२/
तिसरा आक्षेप : मोबाइल असताना हे कशाला? रोजच्या दिवसासाठी नकोच. किल्लारी, मुंबई आणि पुराच्या रात्री हे रोजचे दिवस नव्हते. शिवाय अशा साधनाची सवय हंगामात आणि वारीत झाली, तरच ते संकटात हाताशी येते. कपाटात ठेवलेला संच त्या रात्री कोणालाही लावता येणार नाही.

२३/
येथे एक सावधगिरी. या थ्रेडवरून प्रेरणा घेऊन उद्या टपावर काठी लावू नका. परवाना माफ असला, तरी संचाला सरकारची प्रकारमान्यता लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक वॉकीटॉकींना ती नसते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. नियम बदलण्याची मागणी वेगळी आणि नियम मोडणे वेगळे.

२४/
मागणी मोजकी आहे. एक, वाहनावरील संचासाठी ‘अंगचीच अँटेना’ ही अट काढा. ५ वॅट आणि प्रकारमान्यता राहू द्या. दोन, ९ वा चॅनल आणीबाणीसाठी राखा आणि तालुक्याच्या आपत्ती कक्षात तो ऐकणारा एक माणूस बसवा. तीन, नियम मराठीत, तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा.

२५/
वेळही योग्य आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ च्या दोन्ही कायद्यांना निरोप द्यायचे ठरवले आहे. जुन्या कायद्यांबरोबर त्यांचा संशयही जायला हवा, अन्यथा तोच संशय नव्या नियमांत उतरवून घेतला जाईल. आपल्या खासदारांना एक पत्र लिहायला हरकत नाही. कारखान्यांच्या वार्षिक सभेत आणि दिंडीप्रमुखांच्या बैठकीतही हा विषय निघावा. कोणाकडे जुना रेडिओ परवाना जपून ठेवलेला असेल, तर त्याचे छायाचित्र खाली अवश्य टाका.