पुडी आणायला पोरांस पाठवू नका : फुलसावंगीकरांस जाहीर आवाहन



ज्या विषयावर हे निवेदन आपणांपुढे ठेवीत आहे तो इतक्या नित्य परिचयाचा आहे की, त्याबद्दल कोणी जाहीरपणे चार शब्द बोलू लागला म्हणजे श्रोत्यांच्या मुद्रेवर किंचित स्मित उमटते, आणि हसणाऱ्यांपैकी अनेकांच्या गालात त्या क्षणीही सुपारी-तंबाखूचा खर्रा भरलेला असतो. खर्रा खाल्ल्याने काय होते यावर प्रवचन करण्याचा माझा मानस नाही. सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते, तंबाखू पुढचे काम करते, आणि नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाची वाट विदर्भातील कितीतरी कुटुंबांस पाठ झालेली आहे, हे आपण सर्व जाणतो. प्रौढ इसमाने स्वतःच्या देहाचे काय करावे हा वादही तूर्त बाजूस ठेवू. माझी दरखास्त केवळ मुलांपुरती आहे.

तंबाखूच्या धंद्याचा हिशेब उघड आहे : जुने गिऱ्हाईक मरते किंवा व्यसन सोडते, त्याच्या जागी नवे आणावे लागते, आणि चाळिशी ओलांडलेला मनुष्य सहसा हे व्यसन नव्याने आरंभीत नसल्यामुळे ते नवे गिऱ्हाईक कोवळ्या वयातच गाठावे लागते. हा माझा तर्क नव्हे. अमेरिकेतील न्यायालयीन दाव्यांत तेथील कंपन्यांची जी गुप्त दप्तरे उघडी पडली, त्यांतून हाच हिशेब बाहेर आला. आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीने सिगारेटच्या जाहिरातीसाठी एका उंटाचे व्यंगचित्र प्रचारात आणले होते. सहा वर्षांची बालके त्या उंटास जवळजवळ मिकी माउसइतकेच ओळखतात, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले, आणि लोकक्षोभ वाढून १९९७ साली तो उंट मागे घेणे कंपनीस भाग पडले. श्रीमंत देशांत दारे अशी एकेक मिटू लागली तसतशी या धंद्याची दृष्टी आशिया-आफ्रिकेतील लेकुरवाळ्या देशांकडे वळली. १९९६ सालची क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा सिगारेटच्या नावाने झाली, आपल्या आवडत्या खेळाडूंच्या अंगरख्यावर तेच नाव होते, आणि पुढे चित्रपटांचे नामांकित पुरस्कारदेखील एका गुटख्याचे नाव धारण करून वाटले गेले. त्या वेळी यात फारशा कोणास काही वावगे वाटले नाही.

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीस मनाई केली, तेव्हा त्याच नावाची, त्याच रंगाची, त्याच वळणाच्या अक्षरांची इलायची आणि पानमसाला पडद्यावर अवतरला. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा मसाल्याची पुडी निराळी आणि तंबाखूची निराळी, अशी जोडी दुकानात लटकू लागली. शासनाच्या प्रत्येक हुकुमास धंद्याने असे तत्पर उत्तर दिलेले आहे. ही तत्परता आपल्या इतर सार्वजनिक कामांत दिसती तर किती बरे झाले असते!

परंतु माझे खरे गाऱ्हाणे कंपन्यांविषयी नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा चारच्या आसपास होते आणि तंबाखू चघळणारे शेकडा चोवीस. आपल्या भागात हे चघळणे म्हणजे मुख्यतः खर्रा. तो पानठेल्यावर पन्नीत घोटला जातो. त्यास नाव नाही, वेष्टन नाही, वेष्टनाच्या शेकडा पंच्याऐंशी भागावर छापावयाचे भीतिदायक चित्र नाही, आणि कोणताही नट त्याची स्तुती करीत नाही. मग त्याचा प्रचार करतो कोण? वडील माणूस ओट्यावर बसल्या बसल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या हाती पैसे ठेवून म्हणतो, "जाय रे, एक खर्रा घोटून आन," आणि पोरगा धावत सुटतो. ठेल्यापाशी तो उभा राहतो, चुन्याचा हात, तंबाखूचा वास, घोटण्याची लय सगळे डोळे भरून पाहतो, कोणास किती कडक लागतो हे त्यास तोंडपाठ होते, उरलेल्या पैशांत त्यास गोळी-चॉकलेट मिळते, आणि पुडी आणून दिली म्हणजे "शहाणा आहे" अशी शाबासकी मिळते. ज्या कामाचे बक्षीस इतक्या लहानपणापासून पदरात पडत आले, ते काम वाईट आहे असे शाळेतल्या भिंतीवरील फलकाने त्यास कसे पटवावे? कोट्यवधी रुपये खर्चून उंट नाचविणाऱ्या कंपनीस जे साधावे लागले, ते आम्ही घरच्या घरी, फुकट, आणि मायेने करीत आहोत. तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांत शेकडा साडेआठ तंबाखूचे सेवन करतात, असे २०१९ च्या देशव्यापी पाहणीत आढळले; त्यांना पहिली पुडी कोणासाठी आणावी लागली होती, हे त्या पाहणीत विचारले असते तर बरे झाले असते.

कायदा याबाबत मुका नाही. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे, तसेच शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत ती विकणे गुन्हा आहे. अल्पवयीनाच्या हातून विक्री करवून घेण्यासही मनाई आहे. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंतचा, आणि त्याचा धाक कोणास वाटावा? बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मात्र मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. तरीही पोलीस बोलावून ठेले उठवावेत असे मला मुळीच वाटत नाही. ठेल्यावर कोणा अपंगाचे, कोणा विधवेचे घर चालते, आणि त्यांस शत्रू ठरवून आपण आपली जबाबदारी झटकू पाहतो. ठेलेवाल्या बंधूंस विनंती एवढीच की, मसाल्याच्या माळा बिस्किटांच्या व गोळ्यांच्या बरण्यांपासून दूर, मुलांच्या नजरेच्या वर बांधाव्यात, आणि मूल पुडी मागावयास आले तर त्यास रिकाम्या हाताने परत पाठवावे. घरचा मालक रागावेल. त्यास खुशाल या निवेदनाचा हवाला द्यावा.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात गावोगावच्या लोकांनी एकत्र बसून दारू-तंबाखूविरुद्ध ठराव केले आहेत. त्यांच्याजवळ होती ती ग्रामसभा आपल्याजवळही आहे. २ ऑक्टोबरच्या सभेत दोन गोष्टी ठरावास याव्यात, अशी माझी सूचना आहे : गावातील प्रत्येक शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांची हद्द शिक्षक, पंच आणि स्वतः ठेलेवाले यांच्या समक्ष टेप धरून मोजावी व तेथे पिवळी रेघ आखावी, आणि पुडी आणण्यास मुलास पाठविणार नाही, असे प्रत्येक घरातील कर्त्याने सभेत उभे राहून सांगावे. रेघेच्या आत ज्यांचे ठेले येतील त्यांना दुसरी जागा दाखविण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी, नाहीतर ही मोजणी निव्वळ जुलूम ठरेल. माता-भगिनींनी या सभेस अवश्य यावे, कारण पोरास हाक मारली जाते तेव्हा ती त्यांच्याही कानी पडते. ज्यांस ठराव नापसंत असेल त्यांनीही यावे व तसे मोकळेपणाने बोलावे. तोवर त्यांनी आपली पुडी आपण जाऊन आणावी.

आपला नम्र,
एक ग्रामस्थ, फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ)