फेब्रुवारीतला ओढा

हवा मोजायचं यंत्र घेऊन एखाद्या गच्चीवर चढलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, मोबाइलचा टॉवर बसवताय का?" नाही म्हणून पटवण्यात पंधरा मिनिटं जायची. मग विजेची बोलणी. यंत्र चोवीस तास चालणार, बिल कोण भरणार? शेजारी साडीवर कुरडया वाळत असायच्या. यंत्रावर काही सुकत घालू नका एवढं बजावून मी खाली उतरायचे. दुसऱ्या दिवशी पांढरा फिल्टर पेपर राखाडी झालेला. तो चिमट्याने उचलायचा, पाकिटात घालायचा आणि प्रयोगशाळेत वजन करायचं. आधीच्या आणि नंतरच्या वजनात जो काही मिलिग्रॅमचा फरक येईल, त्यावरून तुमची हवा ठरायची.

बांधकाम प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करून देणाऱ्या एका सल्लागार कंपनीत मी एकोणीस वर्षं हे काम केलं. 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी आधी जागेची आजची स्थिती मोजायची, मग बांधकामाने काय बिघडेल ते सांगायचं, आणि ते बिघडू नये म्हणून व्यवस्थापन आराखडा द्यायचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

कुरडयांचा उल्लेख उगाच केलेला नाही. आमचा मोजणीचा मोसम आणि वाळवणाचा मोसम एकच. हवेची मोजणी एका ऋतूची चालते, पण तो ऋतू पावसाळा नसावा, असा दंडक आहे. कारण शास्त्रीय आहे. पाऊस धूळ धुऊन नेतो. जुलैत मोजलं तर पुण्याची हवा महाबळेश्वरची निघेल. पण कंपनीची गाडी, माणसं आणि खर्च एकाच फेरीचा. त्यामुळे हवेबरोबरच विहिरीचं पाणी, माती, झाडं, ओढे, सगळं त्याच तीन महिन्यांत उरकलं जातं. हवेसाठी केलेला नियम कोणी न सांगता पाण्यालाही लागू होऊन बसला.

मी स्वतः काय केलं ते सांगते. पुण्याच्या पश्चिमेला एक मोकळा प्लॉट होता, टेकडीच्या पायथ्याशी. फेब्रुवारी महिना, सगळीकडे वाळलेलं गवत. मधोमध थोडा खोलगट पट्टा, त्यात कोणीतरी राडारोडा आणून टाकलेला. मी लिहिलं, "प्रकल्पस्थळी नैसर्गिक जलप्रवाह आढळला नाही." त्याच दिवशी झाडंही मोजली. चौदा करंज, तीन उंबर, एक जांभूळ. ती झाडं त्या खोलगट पट्ट्याच्या दोन्ही काठांनी ओळीत उभी होती. माळावर करंज असे रांग धरून कशाला उभे राहतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. झाडं एका प्रकरणात गेली, पाणी दुसऱ्या प्रकरणात. दोन्ही प्रकरणांवर सही माझीच.

ऑगस्टमध्ये शेजारच्या कामासाठी तिकडे गेले, तर त्या पट्ट्यात गुडघाभर पाणी वाहत होतं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहवाल गेलाय मॅडम." मी गप्प बसले. नोकरी होती.

ओढा पावसाळ्याखेरीज दिसत नाही, म्हणून तो नसतो असं नाही, हे पुण्याला तरी नव्याने सांगायला नको. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने पात्र सोडलं. त्या रात्रीच्या पावसात शहर आणि परिसर मिळून वीसहून जास्त माणसं गेली. एरवी त्याला नाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या गाड्या त्यातून तरंगत गेल्या.

अशी अपुरी माहिती कधीकधी कोर्टातही पकडली जाते. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या मार्चमध्ये स्थगित केली, ती मुख्यतः पहिल्या अर्जातच आसपासची माहिती पुरती दिली नव्हती म्हणून. पुढे 2020 मध्ये स्थगिती उठली, विमानंही उडू लागली. पण तिथे निदान कोर्टात जाणारे लोक होते. शिवाय विमानतळाला जनसुनावणी असते. गृहप्रकल्पांना आणि टाउनशिपना ती माफ आहे. म्हणजे तो ओढा ज्यांनी लहानपणापासून पाहिला, ज्यांची गुरं तिथे पाणी प्यायली, त्यांना विचारण्याची सक्तीच नाही. मंजुरी मिळाली की वर्तमानपत्रात जाहिरात येते, तेव्हा खोदकामाची यंत्रं दारात उभी असतात.

बिल्डर सगळे चोर आहेत असं मला म्हणायचं नाही. जो अहवाल मागवतो तोच आमचं बिल भरतो, एवढीच गोची आहे. त्यात तारखा गळ्याशी आलेल्या. मग व्यवस्थापन आराखडा जुन्या फाइलीतून उचलला जातो. धुळीसाठी टँकरने पाणी मारणे, कडेने पत्रे लावणे, राडारोडा नेमून दिलेल्या जागी टाकणे. पुण्याच्या एका आराखड्यात मी "समुद्रकिनाऱ्याची धूप रोखण्यासाठी उपाययोजना" वाचली आहे. हसू आलं, मग लक्षात आलं की छाननीत ती कोणाच्या नजरेला खटकलीसुद्धा नव्हती.

माझं मागणं एकाच पावसाळ्याचं आहे. हवा उन्हाळ्यात मोजा, हिवाळ्यात मोजा, पण जमिनीची पाहणी जून ते सप्टेंबरमध्ये एकदा तरी झालीच पाहिजे, तारखेच्या फोटोंसह. सोबत जुना गाव नकाशा जोडा, त्यात ओढे काढलेले असतात. आणि अहवालाचा मराठी सारांश प्लॉटच्या फाटकावर महिनाभर लावा. एक पावसाळा थांबलो तर व्याज किती चढेल, असं विचारणारे भेटतील. जमिनीचे कागद निस्तरण्यात दोन-दोन पावसाळे जातात, तेव्हा व्याज कोणी मोजत नाही.

त्या प्लॉटवर आता चार इमारती आहेत, खाली दोन मजली पार्किंग. माझी मावसबहीण तिथे राहते. दर जुलैत खालच्या पार्किंगमध्ये पाणी साचतं, रात्रभर पंप चालतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात. परवा तिचा फोन आला होता, वॉटरप्रूफिंगवाला चांगला कोणी माहीत आहे का म्हणून.