आभाळातली रांग



गेल्या महिन्यात मी दिल्लीहून विमानानं पुण्याला येत होतो. खाली वाघोलीकडची घरं दिसायला लागली होती. आधी काड्यापेटीएवढी, मग हळूहळू मोठी. चाकं बाहेर आल्याचा आवाजही झाला. सगळे उतरायच्या तयारीत. आणि एकदम इंजिनं गरजली, विमानानं नाक वर केलं आणि आम्ही पुन्हा ढगांत!

शेजारच्या काकांनी कपाळावर हात मारला, ‘‘झालं! आता बसा घिरट्या घालत.’’ पुढच्या सीटवरच्या पाचवी-सहावीतल्या मुलीनं आईला विचारलं, ‘‘आई, पायलट उतरायला विसरला का गं?’’ सगळे हसले. थोड्या वेळानं वैमानिकानं सांगितलं, की पुढचं विमान अजून धावपट्टीवरून बाहेर पडलं नव्हतं, म्हणून आपण परत वर आलो. पंधरा मिनिटांनी आम्ही सुखरूप उतरलो.

त्या मुलीचा प्रश्न मात्र मला आवडला. आज त्याचंच उत्तर शोधू या.

आपल्या लक्ष्मी रस्त्यावर काय होतं? दोन गाड्यांमध्ये हातभर जागा दिसली, की तिसरा स्कूटरवाला त्यात घुसलाच! गर्दी झाली तर ब्रेक लावायचा आणि थांबायचं. विमानाला हे जमत नाही. ते हवेत थांबलं तर पडेलच. पंखांवरून वारा वाहत राहिला, तरच ते तरंगतं. म्हणून आभाळातल्या रांगेत सगळे पळत असतात आणि पळता पळताच अंतर राखायचं असतं.

ही रांग लावतो तो हवाई वाहतूक नियंत्रक. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे तिथं हे काम हवाई दलाची माणसं करतात. धावपट्टी एकच. तिच्यावर आपली प्रवासी विमानं उतरतात आणि हवाई दलाची लढाऊ विमानंही. वारा बघून कधी वाघोलीच्या बाजूनं उतरायचं, तर कधी धानोरी-विश्रांतवाडीच्या बाजूनं. नागपूर, दिल्ली, बंगळूर अशा निरनिराळ्या दिशांनी आलेली विमानं शेवटी त्या एकाच वाटेवर एकामागे एक यायला हवीत.

नियंत्रक ती कशी आणतो? त्याच्यासमोर रडारचा पडदा असतो. एकाला तो सांगतो, ‘वेग कमी कर.’ दुसऱ्याला सांगतो, ‘जरा डावीकडे वळून लांबच्या वाटेनं ये.’ फारच गर्दी असेल तर एखाद्याला घिरट्या घालायला लावतो. त्या घिरट्यांनाही हिशेब असतो बरं का! एक मिनिट वळायचं, एक मिनिट सरळ जायचं, पुन्हा एक मिनिट वळायचं आणि एक मिनिट सरळ. झाली चार मिनिटांची एक फेरी. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट आकार तयार होतो.

घिरट्या घालणारी विमानं एकमेकांच्या डोक्यावर, वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. दोन मजल्यांमध्ये साधारण १००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर अंतर. चार कुतुबमिनार एकावर एक ठेवा, तेवढं! खालचं विमान उतरायला गेलं, की वरचं एक मजला खाली येतं.

हा मजला चुकला तर काय होतं, हे आपल्या देशानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीजवळ, हरियाणातल्या चरखी दादरीच्या वर, दोन विमानांची टक्कर झाली. सौदी अरेबियाचं विमान दिल्लीहून निघालं होतं, त्याला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. कझाकस्तानचं विमान दिल्लीत उतरायला येत होतं, त्यानं १५,००० फुटांवर थांबायचं होतं. ते तिथं थांबलं नाही, आणखी खाली आलं. दोन्ही विमानांतली सगळी, ३४९ माणसं गेली. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टक्कर टाळायची सूचना देणारं ‘टीकॅस’ नावाचं यंत्र विमानात बसवणंही सक्तीचं झालं. दोन विमानं धोक्याच्या अंतरात आली, की ही यंत्रं आपापसांत ठरवून एकाला ‘वर जा’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘खाली जा’.

आता मागच्या-पुढच्या अंतराकडे वळू. तुम्ही सायकलवरून जाताना शेजारून एस.टी. भरधाव गेली, तर हँडल कसं डगमगतं? विमानाचंही तसंच. त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे निघतात आणि मागं रेंगाळत राहतात. विमान जेवढं जड, तेवढे भोवरे जोरदार. मागचं हलकं विमान त्यात सापडलं, तर ते कलंडूही शकतं. आणि हे भोवरे डोळ्यांना दिसत नाहीत!

म्हणून विमानांचे वजनाप्रमाणे गट केले आहेत. १३६ टन किंवा त्याहून अधिक वजनाचं ते ‘जड’, ७ टनांपर्यंतचं ‘हलकं’, आणि मधलं ते ‘मध्यम’. पुण्याला नेहमी दिसणारी एअरबस ३२० मध्यम गटातली. ती एखाद्या जड विमानामागून उतरत असेल, तर रूढ नियमाप्रमाणे मध्ये ५ सागरी मैल अंतर हवं. म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. लोहगावच्या विमानतळापासून शनिवारवाडा सरळ रेषेत जवळजवळ तेवढाच लांब आहे! उतरताना विमानाचा वेग ताशी २५०-२६० किलोमीटर असतो. तेव्हा हे अंतर ते किती वेळात कापेल? करा बरं गणित. (दोन मिनिटांहून थोडं जास्त आलं ना? शाबास!)

भोवरे नसले तरी अंतर लागतंच. पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला व्हायला वेळ हवा. ८ जून २०२४ ला मुंबई विमानतळावर एक विमान उड्डाणासाठी धावत होतं. ते जमिनीवरून पुरतं उठायच्या आतच मागून दुसरं विमान त्याच धावपट्टीवर उतरलं. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. पण चौकशी लागली आणि नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आलं. काही सेकंदांचाच प्रश्न होता, पण तेवढ्यात किती जणांचे जीव अडकले होते!

म्हणून नियम असा, की धावपट्टी मोकळी नसेल, तर मागच्यानं पुन्हा वर जायचं. वैमानिकांना हे शिकवलेलंच असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि कमीपणाही नाही.

करून पाहा

आईला विचारून एक परात घ्या. तिच्यात पाणी भरा आणि वर थोडी मिरपूड भुरभुरा. पाणी स्थिर झालं, की चमचा अर्धा बुडवून उभा धरा, वीतभर ओढा आणि चटकन बाहेर काढा. मागं दोन भोवरे दिसतील, एकमेकांच्या उलट्या दिशेनं फिरणारे. लगेच त्यांच्यात कागदाचा बारीक तुकडा टाका. तो कसा गरगरतो पाहा. मग दोन मिनिटं थांबून दुसरा तुकडा टाका. काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.

आणि पुढच्या वेळी तुमचं विमान घिरट्या घालायला लागलं, आणि शेजारच्या काकांनी कपाळावर हात मारला, तर त्यांना हा परातीचा प्रयोग नक्की सांगा!