खात्यातून गेले, पोहोचले मात्र नाहीत

ठाणे-बेलापूर पट्टा एके काळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज ऐरोली, महापे येथील बंदिस्त इमारतींत साठविली जाते ती माहिती. स्टेट बँकेचे संगणक-केंद्र बेलापुरात आहे, रिझर्व्ह बँकेचे खारघरला.

पूर्वी शाखेची खतावणी एकच असे आणि संध्याकाळी ती जुळल्याखेरीज कारकून घरी जात नसे. आता खतावणी अनेक ठिकाणी विखुरली आहे. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयचेच पाहा. देणाऱ्याच्या बँकेत रक्कम नावे पडते, घेणाऱ्याच्या बँकेत ती जमा होते आणि मधला निरोप राष्ट्रीय देयक महामंडळाची यंत्रणा पोहोचविते. हा निरोपच वाटेत हरवला तर? एका वहीत पैसे गेलेले असतात, दुसरीत आलेले नसतात.

हा केवळ यंत्राचा दोष नव्हे. एरिक ब्रुअर यांनी 2000 साली मांडलेले व गिल्बर्ट आणि लिंच यांनी 2002 साली सिद्ध केलेले तत्त्व असे की, विखुरलेल्या वह्यांमधील संपर्क तुटला असता सर्वत्र एकच उत्तर आणि प्रत्येकाला उत्तर, ही दोन्ही वचने एकाच वेळी पाळता येत नाहीत. खिडकी बंद ठेवावी, की चूक पत्करून व्यवहार चालू ठेवावा, याची निवड करावीच लागते. देशाने, आणि ते योग्यच झाले, व्यवहार चालू ठेवणे पसंत केले.

परंतु त्या चुकीचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. 1983 साली बँक कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, तेव्हा वाद मुख्यतः नोकऱ्यांचा होता; आज तो ग्राहकाच्या खिशाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने व्यक्ती-व्यक्तींमधील अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत करण्याचे बंधन घातले. विलंब झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. दुकानदाराला दिलेल्या रकमेसाठी मात्र पाच दिवसांची मुदत! महिनाअखेरीस किराण्याचे 800 रुपये अडकलेल्या शिपायाला दुकानदारास तेच पैसे पुन्हा द्यावे लागतात, आणि पाच दिवस तो बँकेला बिनव्याजी कर्ज देत राहतो. व्याज म्हणून पाहिले तर ही रक्कम नगण्य ठरेल. परंतु ज्याच्या खात्यात दुसरे 800 नाहीत, त्याच्या घरी त्या दिवशी किराणा येत नाही. ही मुदतही एका दिवसावर आणण्यास प्रत्यवाय नसावा.